कलेच्या क्षेत्रातलं फ्रीलान्स काम: दर, करार, हक्क आणि झोप

नाटक, सिनेमा, मालिका, जाहिरात, प्रकाशन, संगीत, गेम. या सगळ्या उद्योगांत आज बरंचसं काम प्रोजेक्टपुरतं चालतं. माणसं कामासाठी जमतात, काम संपलं की पांगतात. हे मोकळेपण अनेकांना मनापासून हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. पण दोन कामांच्या मधला काळ कुणाच्या खर्चाने जातो, हे फारसं कुणी विचारत नाही. पगारी नोकरीत आजारपण, रद्द झालेली तारीख, नाकारलेला मसुदा, उशिरा आलेले पैसे हे सगळं मालकाच्या हिशेबात बसतं. प्रोजेक्टच्या कामात तेच लेखकाच्या, संकलकाच्या, ध्वनिमुद्रकाच्या घरखर्चात येऊन पडतं. मानधन कमी असणं हे दुखणं आहेच. माझ्या मते ही खाली ढकललेली जोखीम त्याहून मोठं दुखणं आहे, कारण ती दराच्या आकड्यात दिसत नाही आणि म्हणून तिच्यावर घासाघीसही होत नाही.

आधी ती मोजू या.

वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवारचे १०४ गेले, उरले २६१. सण, सुटी आणि आजारपण मिळून २६ दिवस धरा, उरले २३५. आठवड्यातला एक दिवस कोटेशन, बिलं, पैशांचा पाठपुरावा, बॅकअप, शो रील (निवडक कामाची चित्रफीत) यात जातो. ४७ आठवड्यांचे ४७ दिवस, उरले १८८. ऑडिशन, नमुने, पिच, न जमलेल्या कामांच्या बैठका यांचे किमान २८ दिवस, उरले १६०. पुढे ढकललेल्या तारखा आणि दोन कामांमधल्या फटी यांचे ४० दिवस धरले, तर बिल लावता येईल असे १२० दिवस हातात राहतात. म्हणजे कामाच्या दिवसांपैकी जेमतेम निम्मे. हे आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण निम्म्याचा हा अंदाज मला फार निराशावादी वाटत नाही. नव्या माणसाचे दिवस तर याहूनही कमी भरतात.

आता दर. वर्षाच्या घरखर्चाला १०० म्हणू. यंत्रं, सॉफ्टवेअर आणि ती बदलण्यासाठी बाजूला टाकायची रक्कम १५. आरोग्यविमा आणि म्हातारपणाची तरतूद, जी नोकरीत निदान काही अंशी मालक उचलतो, ती २०. झाले १३५. ते १२० दिवसांनी भागले की दिवसाचा दर येतो १.१२५. नवा माणूस काय करतो? ओळखीच्या पगारदाराचा खर्च बघतो, १०० ला २३५ ने भागतो आणि ०.४३ च्या आसपास आकडा सांगतो. खरा दर त्याच्या अडीच पटींहून जास्त आहे, आणि त्यात कर अजून धरलेलाच नाही. मग पहिल्या दोन वर्षांत भरपूर काम करूनही हातात काही उरत नाही. त्याला वाटतं आपण उधळे आहोत, आपल्याला शिस्त नाही. शिस्तीचा यात संबंध नसतो. त्याने भागाकारात भाजक चुकीचा धरलेला असतो.

एकरकमी ठरलेल्या कामात आणखी एक गळती असते: तासांचा अंदाज. तिच्यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. मागच्या तीन कामांत किती तास लागतील असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात किती लागले, हे मांडायचं. अंदाज ४० चा होता आणि ५८ लागले, तर गुणोत्तर १.४५. पुढच्या अंदाजाला त्याने गुणायचं. तास मोजताना फाइल चढवणं-उतरवणं, रेंडरची, म्हणजे संगणकावर अंतिम फाइल तयार होण्याची, वाट पाहणं, संदर्भ शोधणं, फोन आणि बैठका हे सगळं धरायचं. अंदाज चुकतो तो याच ठिकाणी, मूळ कलेच्या कामात क्वचितच.

हे असं का चालतं याची कारणं थोडक्यात. विल्यम बोमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवलं की प्रयोगकलांची उत्पादकता कारखान्यासारखी वाढू शकत नाही. चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागत होता, तेवढाच आजही लागतो. बाकीच्या अर्थव्यवस्थेत मजुरी वाढत जाते, आणि कलेचा खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने फुगतो. मग कात्री लागते ती तालमीच्या दिवसांना, माणसांच्या संख्येला, नाहीतर मानधनाला. दुसरं कारण, काय चालेल हे आधी कळत नाही, म्हणून पैसे लावणारा कायमची माणसं ठेवायला तयार नसतो. तिसरं, काम आवडीचं असल्यामुळे येणाऱ्यांची रांग कधी संपत नाही. 'या कामाने नाव होईल' हे वाक्य त्या रांगेच्या जोरावरच उच्चारता येतं. आवड ही माणसाची संपत्ती आहे. तिच्यासाठी सवलत मागणाऱ्याला शांतपणे नाही म्हणता यायला हवं.

करारात काय हवं

'चेंजेस' या एका शब्दाने जितकं मानधन खाल्लं आहे, तितकं दुसऱ्या कशानेही खाल्लं नसेल. 'बदलांच्या दोन फेऱ्या' एवढं लिहून काही होत नाही, कारण फेरी म्हणजे काय यावर वाद होतो. दिग्दर्शकाचे मुद्दे सोमवारी येतात, मार्केटिंगचे बुधवारी, निर्मात्याच्या भावाचे शुक्रवारी, आणि तिघं मिळून म्हणतात ही पहिलीच फेरी. म्हणून फेरीची व्याख्या लिहायची: मंजुरी देणारी व्यक्ती एकच, तिचं नाव करारात, सगळ्यांचे मुद्दे एकत्र करून एकाच लेखी यादीत, यादी मसुदा मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत. मुदतीत यादी आली नाही तर मसुदा मंजूर झाला असं धरलं जाईल. मूळ ब्रीफ, म्हणजे सुरुवातीला ठरलेलं कामाचं वर्णन, बदललं, उदाहरणार्थ लांबी, भाषा, निवेदकाचा आवाज किंवा गोष्टीचा शेवट, तर ती फेरी नाही, नवं काम आहे, आणि त्याचा तासाचा दर आधीच लिहिलेला हवा. हा दर नसेल तर तिसऱ्या फेरीला 'अहो, एवढंसंच आहे' या वाक्यापुढे कुणाचंच काही चालत नाही.

पैशांचे हप्ते. तारीख राखून ठेवण्यासाठी आणि सुरुवातीसाठी ४० टक्के, पहिला पूर्ण मसुदा दिल्यावर ३०, अंतिम फाइल देताना ३०. ॲडव्हान्स खात्यात येईपर्यंत तारीख पक्की नाही, हे लेखी. काम महिन्याहून लांबणार असेल तर हप्ते टप्प्यांऐवजी महिन्याला बांधावेत. आणि सर्वांत महत्त्वाचं, कुठलाही हप्ता प्रदर्शनाला, प्रकाशनाला किंवा वाहिनीच्या मंजुरीला बांधू नये. हप्ता फक्त आपण काम पोचवण्याला बांधायचा. प्रदर्शन पुढे ढकललं जातं, पुस्तक पुढच्या हंगामात जातं, वाहिनीतला माणूस बदलतो. यातलं काहीच आपल्या हातात नसतं आणि शेवटचे ३० टक्के मात्र तिथे अडकतात. 'आम्हाला वरून पैसे आले की तुम्हाला देऊ' या अटीचा अर्थ असा की निर्मात्याला त्याचं गिऱ्हाईक बुडवेल, तर त्याचं कर्ज आपण फेडायचं. ती काढून टाकायला सांगावी. निघत नसेल तर निदान 'किंवा बिलाच्या तारखेपासून ४५ दिवस, जे आधी येईल ते' एवढी भर घालून घ्यावी.

रद्द होण्याची रक्कम, जिला किल फी म्हणतात, तीही टप्प्याटप्प्याने लिहावी. काम सुरू होण्याआधी रद्द झालं तर ॲडव्हान्स परत नाही. पहिल्या मसुद्यानंतर रद्द झालं तर एकूण ६० ते ७० टक्के. अंतिम फाइलनंतर पूर्ण रक्कम. याला जोडून एक वाक्य लोक हमखास विसरतात: रद्द झालेल्या कामाचे सगळे हक्क कलाकाराकडे परत येतील. ते नसेल तर नाकारलेली पटकथा किंवा चाल वर्षभराने दुसऱ्याच्या नावावर वापरली गेली, तरी बोलायला जागा राहत नाही. दिवसाच्या हिशेबाने काम करणाऱ्यांनी, म्हणजे कॅमेरा, ध्वनी, रंगभूषा, प्रकाश या मंडळींनी, तारखेचं लिहून घ्यावं: ७२ तासांच्या आत रद्द झालं तर निम्मा दर, २४ तासांच्या आत झालं तर पूर्ण. ती तारीख राखण्यासाठी त्यांनी दुसरं काम नाकारलेलं असतं.

मात्र एकच वाक्य निवडायचं झालं, तर मी हे निवडेन: 'पूर्ण मानधन मिळाल्यानंतरच हक्क हस्तांतरित होतील.' हे वाक्य नसेल तर पैसे न देणारा फक्त उधारी बुडवतो. हे असेल तर पैसे न देता काम वापरणारा कॉपीराइटचा भंग करतो. पहिल्या बाबतीत आपण कोर्टाच्या रांगेत उभे राहतो, दुसऱ्या बाबतीत त्याची वकील मंडळी स्वतःहून हिशेब विभागाला फोन करतात. याच्याच जोडीला, शेवटचा हप्ता येईपर्यंत वॉटरमार्क असलेली किंवा कमी रिझोल्यूशनची प्रत द्यायची आणि प्रोजेक्ट फाइल्स हा वेगळा, वेगळ्या किमतीचा विषय ठेवायचा.

छापील करारात 'कुठल्याही दाव्याची सर्व भरपाई कलाकार करील' अशी अट बहुधा शेवटच्या पानावर असते. ती तशीच स्वीकारू नये. जबाबदारी आपण स्वतः तयार केलेल्या मजकुरापुरती आणि जास्तीत जास्त मिळालेल्या मानधनाइतकी, अशी मर्यादा मागावी. निर्मात्याने दिलेलं संगीत किंवा फोटो चोरीचा निघाला तर त्याची भरपाई संकलकाने करायची हे कुठल्याच न्यायाला धरून नाही.

करारच मिळत नाही, सगळं फोनवर ठरतं, ही खरी परिस्थिती अनेकांची आहे. तेव्हा फोन ठेवल्यावर त्याच दिवशी ईमेल करायचा: 'आज बोलल्याप्रमाणे: काम अमुक, लांबी अमुक, पोचवण्याची तारीख अमुक, मानधन अमुक, ४०-३०-३० अशा हप्त्यांत. बदलांच्या दोन फेऱ्या. हक्क पूर्ण मानधनानंतर. यात काही वेगळं असेल तर उद्यापर्यंत कळवा, नाहीतर असंच ठरलं असं धरून काम सुरू करतो.' समोरच्याने 'ओके' एवढंच उत्तर दिलं तरी पुरतं, आणि उत्तर न देता ॲडव्हान्स पाठवला तर तोही पुरावाच. व्हॉइस मेसेजवर ठरलेलं असेल तर ते लेखी स्वरूपात परत पाठवावं, कारण सहा महिन्यांनी नेमका तो मेसेज शोधणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

बिल अडकण्याची कारणं बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. बिल दिग्दर्शकाला किंवा समन्वयकाला पाठवलेलं असतं, हिशेब विभागाकडे ते पोचलेलंच नसतं. पर्चेस ऑर्डरचा, म्हणजे कंपनीने काढलेल्या कामाच्या लेखी आदेशाचा, क्रमांक नसतो. व्हेंडर म्हणून नोंदणी झालेली नसते. बिलावरचं नाव आणि बँकखात्याचं नाव जुळत नाही. या चारही गोष्टी काम सुरू होण्याआधी विचारून घ्यायच्या, कारण तेव्हा समोरच्याला आपली गरज असते. बिल काम पोचवलं त्याच दिवशी. मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी साधी आठवण, आठव्या दिवशी हिशेब विभागाला थेट, पंधराव्या दिवशी व्याजासह सुधारित बिल, तिसाव्या दिवशी लेखी नोटीस. या पत्रांत राग नको, तारखा हव्यात.

कायद्याचं बळ जिथे आहे तिथे ते नावानिशी लिहावं. भारतात सूक्ष्म आणि लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्याला २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज. एकटा फ्रीलान्सरही ही नोंदणी करू शकतो. युरोपीय संघात २०११ च्या निर्देशानुसार उशिराच्या रकमेवर मध्यवर्ती बँकेच्या दरावर किमान ८ टक्के अधिक व्याज लागतं. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या फ्रीलान्स कामाला लेखी करार सक्तीचा आहे. करारात तारीख नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि थकवले तर दुप्पट भरपाई मागता येते.

हक्क म्हणजे मधल्या काळाचा पगार

हक्कांबद्दल बोललं की ते नामवंतांचं प्रकरण वाटतं. प्रत्यक्षात रॉयल्टी किंवा पुनर्वापराचं मानधन हे काम नसलेल्या महिन्यांत येणारं उत्पन्न असतं, म्हणजे वर मोजलेल्या १२० दिवसांच्या बाहेरचं. अमेरिकेतल्या चित्रपट अभिनेत्यांनी आणि पटकथाकारांनी १९६० मध्ये संप केला तो यासाठीच: सिनेमा टीव्हीला विकला जातो, त्याचे पैसे स्टुडिओला दुसऱ्यांदा मिळतात, मग आम्हाला का नाही? अभिनेत्यांना १९६० पासूनच्या चित्रपटांसाठी हा वाटा मिळाला. जुन्या चित्रपटांवरचा हक्क त्यांनी सोडला आणि बदल्यात निवृत्तिवेतन व आरोग्य निधीची पायाभरणी करून घेतली. जोखीम कुणी उचलायची याचं ते फेरवाटप होतं.

स्ट्रीमिंगने हे गणित मोडलं, कारण तिथे पुनर्प्रक्षेपण असं काही उरत नाही आणि किती जणांनी पाहिलं हा आकडा कंपनीकडेच राहतो. २०२३ चा अमेरिकन पटकथाकारांचा संप २ मे ते २७ सप्टेंबर असा १४८ दिवस चालला, आणि त्यातून निघालेल्या कराराने ही कोंडी थोडी फोडली. स्ट्रीमिंगसाठीच बनवलेली कलाकृती पहिल्या ९० दिवसांत देशातल्या २० टक्के सदस्यांइतक्या प्रेक्षकांनी पाहिली, तर ठरलेल्या पुनर्वापर रकमेवर ५० टक्के जादा मिळतील असं त्यात ठरलं. मोठ्या यशालाच लागू होणारी ही तरतूद आहे, पण त्यासाठी कंपन्यांना आकडे दाखवणं मान्य करावं लागलं, हे मला रकमेहून महत्त्वाचं वाटतं.

आपल्या टेबलावरच्या कराराकडे येऊ. हक्क विकणं आणि वापराची परवानगी देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. परवानगी देताना पाच गोष्टी लिहायच्या: कुठलं माध्यम, कुठला प्रदेश, किती काळ, कुठल्या भाषा, आणि दुसऱ्याला देता येईल की नाही. प्रत्येक गोष्ट वाढली की किंमत वाढते. बायआउट, म्हणजे सगळे हक्क एकरकमी, मागितला तर लगेच हो-नाही म्हणण्याऐवजी दोन आकडे द्यावेत, एक वर्षाचा आणि एक कायमचा. दोन किमती शेजारी ठेवल्या की अनेकांना एक वर्षच पुरेसं असल्याचं लक्षात येतं.

भारताच्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ फार कमी कलाकारांनी वाचलेलं असतं. हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं हस्तांतरण, आणि घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळं लिहिलं नसल्यास, तो संपतो. त्यामुळेच तयार करारांत 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द आधीच छापलेले दिसतात. ते खोडले की कायदा कलाकाराच्या बाजूला येतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना, चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीजच्या वापरांसाठी, रॉयल्टीचा समान वाटा दिला, आणि तो निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. फोटोग्राफरसाठी मात्र इथे सापळा आहे: मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम देणारा असतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यापासून तो फोटोग्राफर असतो. म्हणजे एकाच प्रकारच्या कामाला दोन देशांत दोन उलट उत्तरं. ईमेलमधली एक ओळ त्यामुळे किती मोलाची ठरते पाहा.

निव्वळ नफ्यातला वाटा हा मानधनाचा पर्याय म्हणून कधीही घेऊ नये. निव्वळ म्हणजे काय हे निर्मात्याचा हिशेबनीस ठरवतो. व्यवस्थापन शुल्क, वितरण शुल्क, व्याज, जाहिरात हे सगळं वजा झाल्यावर लोकप्रिय चित्रपटही कागदावर तोट्यात दिसू शकतो. अमेरिकन विनोदी लेखक आर्ट बुकवाल्ड यांनी पॅरामाउंट या स्टुडिओविरुद्ध चालवलेल्या खटल्यात १९९० मध्ये न्यायालयाने अशा सूत्रातल्या काही तरतुदी अन्यायकारक ठरवल्या होत्या. त्याऐवजी बाहेरून मोजता येणाऱ्या गोष्टीला बांधलेली ठरावीक रक्कम मागावी: इतक्या प्रती खपल्या, इतके प्रयोग झाले, दुसऱ्या भाषेत डब झालं, की इतके.

आणि आता नव्याने आलेला मुद्दा. आवाज, चेहरा, चित्रशैली, मसुदे हे यंत्राला शिकवण्यासाठी वापरायचे नाहीत आणि त्यातून कृत्रिम आवाज किंवा प्रतिकृती करायची नाही, करायची तर दर वेळी वेगळी लेखी संमती आणि वेगळं मानधन, हे वाक्य प्रत्येक करारात यायला हवं. विशेषतः डबिंग आणि निवेदन करणाऱ्यांनी ते आजच घालावं. 'आज ज्ञात असलेल्या आणि भविष्यात येणाऱ्या सर्व तंत्रांत' हे शब्द जुन्या करारांत असतातच, आणि तेच या दाराची किल्ली ठरतात. २०२३ मध्ये अमेरिकन अभिनेत्यांचा ११८ दिवसांचा संप ज्या मुद्द्यांवर चालला, त्यात डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला हा एक मोठा मुद्दा होता.

झोपेचा हिशेब

मानधन थकलं तर घर चालत नाही, झोप थकली तर माणूस मरतो. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात एका चित्रपटाचा साहाय्यक कॅमेरामन १९ तासांच्या दिवसानंतर घरी गाडी चालवत जाताना अपघातात गेला. त्यानंतर छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी '१२ तास काम, १२ तास विश्रांती' ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि प्रतिसाद रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतके मंदावतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. सेटवर दिवे, उंची, वीज आणि गाड्या असतात, हे लक्षात घेतलं की हा आकडा अंगावर येतो.

टर्नअराउंड, म्हणजे पॅकअप ते पुढचा कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ), १० तासांचा ठेवला की लोक तो माणुसकीचा समजतात. फोड करून बघा. पॅकअपनंतर सामान आवरायला एक तास, जायला दीड, यायला दीड, आंघोळ-जेवणाला एक. उरले पाच तास, तेही पाठ टेकताक्षणी झोप लागली तर. म्हणून टर्नअराउंड शेवटचा माणूस जागा सोडतो तिथून मोजावा, प्रवास एका तासाहून जास्त असेल तर तो वेगळा धरावा, आणि मधली विश्रांती किमान ११ तास असावी. युरोपच्या कामाच्या वेळांच्या निर्देशात कर्मचाऱ्यांसाठी हाच ११ तासांचा किमान आकडा आहे. फ्रीलान्सरला तो आपोआप लागू होत नाही, तेव्हा करारात लिहून घ्यावा. प्रकाश आणि रंगभूषावाले कॉलच्या आधी येतात आणि कपडेपट शेवटी जातो. कॉल शीटवरच्या वेळा कलाकारांच्या असतात, या लोकांच्या नसतात.

'शिफ्ट' म्हणजे किती तास हे लिहिलेलं नसेल तर दिवसाच्या दराला काही अर्थ राहत नाही. दर १० तासांसाठी ठरला आणि काम १६ तास चाललं, तर तासाचा दर ६२.५ टक्क्यांवर आला. म्हणून दहानंतरचे दोन तास दीडपट, त्यापुढे दुप्पट. जादा दराचा खरा उपयोग जादा पैसे मिळणं हा नाही. बाराव्या तासाला निर्मात्याच्या खिशाला चटका बसतो आणि उद्याचं नियोजन सुधारतं. फुकट जादा तास मिळत असतील तर नियोजन सुधारायचं कारणच उरत नाही. ज्यांचं काम आवाजावर आहे त्यांनी किंकाळ्या, मारामारी, आक्रोश असलेलं ध्वनिमुद्रण सत्राच्या शेवटी आणि दोन तासांच्या आत ठेवायला सांगावं. आवाज बसला तर पुढच्या आठवड्याची कामं जातात, आणि ती भरून द्यायला कुणी येत नाही.

एकट्याने किती?

वरच्या सगळ्या अटी मागण्याची ताकद प्रत्येकात नसते, हे मला ठाऊक आहे. तिसरं काम शोधणारी सहायक दिग्दर्शिका अकरा तासांच्या विश्रांतीचा आग्रह धरेल तर तिच्या जागी दुसरी येते. म्हणून या प्रश्नाची टिकाऊ उत्तरं सामूहिक आहेत.

फ्रान्सची व्यवस्था नीट पाहण्यासारखी आहे. तिथे रंगभूमी, सिनेमा आणि संगीतातल्या अनियमित काम करणाऱ्यांसाठी बेरोजगारी भत्त्याचे वेगळे नियम आहेत: बारा महिन्यांत ५०७ तासांचं काम दाखवलं की मधल्या काळात भत्ता मिळतो. कामाची फट ही आळशीपणाची खूण नसून त्या धंद्याची रचनाच तशी आहे, हे तिथे कायद्याने मान्य केलं. २००३ मध्ये ५०७ तासांसाठीची मुदत कमी करण्यात आली, तेव्हा एवढा विरोध झाला की त्या वर्षीचा आव्हिन्यों नाट्यमहोत्सव रद्द झाला. २०१६ मध्ये बारा महिने परत आले. आयर्लंडने २०२२ मध्ये दुसरी वाट धरली: अर्जदारांतून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या २००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो, कामाचा कुठलाही हिशेब न मागता. मला फ्रेंच पद्धत जास्त पटते, कारण ती निवडीच्या नशिबावर अवलंबून नाही आणि तंत्रज्ञांनाही सामावून घेते.

संघटना बांधताना एक कायदेशीर अडचण आधी समजून घ्यायला हवी. नोकर एकत्र येऊन दर ठरवतात ती सौदेबाजी. स्वतंत्र व्यावसायिकांनी तेच केलं तर अनेक देशांत त्याला स्पर्धाविरोधी संगनमत म्हणता येतं. नेदरलँड्समध्ये वाद्यवृंदातल्या बदली वादकांच्या किमान मानधनावरून हा वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. २०१४ मध्ये निकाल आला की वादक नावापुरते स्वतंत्र आणि प्रत्यक्षात नोकरासारखे असतील तर सामूहिक करार चालेल. २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने एकट्याने काम करणाऱ्यांसाठी ही वाट आणखी रुंद केली. कॅनडाने १९९२ मध्येच कायदा करून, संघराज्याच्या अखत्यारीतल्या निर्मात्यांपुरता, स्वतंत्र कलाकारांना सौदेबाजीचा हक्क दिला होता.

अमेरिकेत याची किंमत फार स्पष्ट दिसते. पटकथाकार कॉपीराइट स्टुडिओला देतो, कायद्याने कर्मचारी ठरतो आणि त्यामुळे संप करू शकतो. नाटककार आपल्या नाटकाचा मालक राहतो, त्याच्या संहितेतला शब्दही परवानगीशिवाय बदलता येत नाही, पण त्याला सामूहिक सौदेबाजी करता येत नाही. मालकी आणि संघटना यांतलं एकच निवडायला लावणारी ही मांडणी बदलायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

जिथे संघटना नाही तिथे सुरुवात दरापासून करू नये. दरावर अनुभवी आणि नवख्यांचं कधी एकमत होत नाही, आणि वर सांगितलेला स्पर्धा कायद्याचा काटाही तिथेच टोचतो. एकाच विभागातल्या दहा-पंधरा जणांनी तीन गोष्टींवर एकमत करावं: ११ तासांची विश्रांती, ॲडव्हान्सशिवाय तारीख नाही, आणि हप्ते प्रदर्शनाला बांधायचे नाहीत. याने निर्मात्याचं बजेट फारसं वाढत नाही, म्हणून विरोधही कमी होतो. नमुन्याचा करार एकाने लिहावा, वकिलाकडून एकदा तपासून घ्यावा, त्याचे पैसे वाटून द्यावेत आणि तो सगळ्यांनी वापरावा. कुणाचं बिल किती दिवसांनी निघालं याची नोंद आपापसांत ठेवावी, नुसत्या तारखांची, शेरे न मारता. नवा माणूस त्या विभागात आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात हा करार आणि ही नोंद द्यावी, पहिलं काम स्वीकारण्याआधी.